थोरलीच्या हातचा कोपरा

गल्ली जिथे वळते आणि वळता वळता अरुंद होते, तिथे एका सुताराचं दुकान होतं. दुकान पुढे, घर मागे, आणि दोहोंच्या मध्ये एक दार. ते दार कधी बंद झालेलं कुणी पाहिलं नव्हतं. सकाळी त्यातून भुशाचा वास घरात शिरायचा आणि घरातला चहाचा वास दुकानात यायचा. सुताराला नावाने कुणी हाक मारत नसे, सगळे त्यांना गोलकाका म्हणत. अंगाने ते काडी पहिलवान. गोल होतं ते त्यांचं काम.

गोलकाकांच्या दुकानातून टोकदार कोपरा बाहेर पडत नसे. टेबल असो, कपाट असो की नुसता पाट, प्रत्येक कोपऱ्यावर आधी रंधा फिरायचा, मग कानस, मग पॉलिश पेपर, आणि सर्वांत शेवटी काकांचा अंगठा. अंगठ्याला जरा कुठे बोचलं की पुन्हा पहिल्यापासून. गिऱ्हाइकं वैतागायची. शाळेच्या हेडमास्तरांनी एकदा फळ्याला चौकट करायला दिली, तर तीही कोपरे गोल होऊन आली.

"अहो, हा भिंतीवर उंच टांगायचा फळा," हेडमास्तर म्हणाले, "तिथे कुणाचं डोकं आपटणार आहे?"

"आज टांगाल," काका शांतपणे म्हणाले, "पण पडेल कधी ते तुम्हाला सांगून पडणार आहे का?"

हेडमास्तर फळा घेऊन गेले खरे, पण पुढे वर्षभर शिकवताना त्यांचं निम्मं लक्ष वर असायचं म्हणतात.

या वेडाला कारण होतं. तीस वर्षांपूर्वी काकांची एकुलती एक लेक, नुकती धावायला शिकलेली, धावत आली ती थेट बापाने केलेल्या टेबलाच्या कोपऱ्यावर. भुवईला तीन टाके पडले. टाके घालताना पोर गप्प होती आणि बाप हुंदके देत होता, तेव्हा डॉक्टरांनी विचारलं होतं, "नेमकं लागलंय कुणाला?" घरी येऊन काकांनी ते टेबल अंगणात ओढलं आणि त्याचे चारही कोपरे उडवले. तेव्हापासून त्यांनी कानाला खडा लावला.

घरातल्या माणसांत टोकदार अशी एकच गोष्ट उरली होती. ती म्हणजे काकांच्या आईची जीभ. आईला गल्ली थोरली म्हणायची. वय चौऱ्याऐंशी, नजर धूसर, कान तिखट. त्या जिभेला रंधा लावायची कुणाची टाप नव्हती.

तर एका सोमवारी लेकीचा फोन आला. लेक तासाभराच्या अंतरावर शहरात राहायची, बँकेत नोकरीला होती. बाळंतपणाची रजा संपत आली होती आणि नात साडेआठ महिन्यांची झाली होती.

"बाबा, पाळणाघर बघून ठेवलंय. स्वच्छ आहे. पण पोरं वीस आणि बाया दोन. तुमच्याकडे ठेवायचं मनात आहे. सोमवार ते शुक्रवार."

काकांच्या हातातली पेन्सिल कानावर ठेवता ठेवता खाली पडली. "अगं, मग विचारतेस काय? घेऊनच ये."

"रविवारी येते. आधी घर बघते, मग ठरवते."

"घर बघते म्हणजे? तू याच घरात वाढलीस की!"

"हो," लेक म्हणाली, "म्हणूनच बघते."

तिकडे लेकीचा हात भुवईकडे गेला असणार, हे काकांना न बघताच कळलं.

त्यांनी दुकानाला अर्धी सुट्टी दिली. हातात खडू घेतला आणि मधल्या खोलीत, भर दुपारी, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, गुडघे टेकून रांगायला लागले. खोली तीच होती. पण उभ्या माणसाचं घर वेगळं असतं आणि रांगणाऱ्याचं वेगळं, हे काकांना दोन हात पुढे जातात न जातात तोच उमजलं. विजेचं प्लग लावायचं भोक बरोबर नाकासमोर आलं. टेबलावरचा कापडी रुमाल वरून किती सोज्वळ दिसायचा. खालून त्याचं लोंबतं टोक म्हणजे 'ओढ मला' असं बोलावणंच, आणि त्याच्या दुसऱ्या टोकावर चहाची किटली. खाटेखाली दोन केसांच्या पिना, थोरलीची रक्तदाबाची एक गोळी आणि जुन्या घड्याळातला रुपयासारखा चपटा, चकचकीत सेल सापडला. सेल त्यांनी तळहातावर धरला. एवढासा, पण पोटात गेला तर आतून भाजून काढतो, असं त्यांना डॉक्टरांनीच कधीतरी सांगितलं होतं. न्हाणीत बादली काठोकाठ भरलेली. काकांनी बादलीत डोकं वाकवून बघितलं. पाण्यात त्यांचंच तोंड दिसलं, आणि ते घाबरलेलं होतं. जिथे जिथे धोका, तिथे तिथे त्यांनी खडूची फुली मारली.

"लग्नाला छत्तीस वर्षं झाली," दारात उभ्या राहून काकू म्हणाल्या, "केर काढायला कधी वाकला नाहीत. आणि आज बघा."

तेवढ्यात समोरची शिंपीणबाई डोकावली. "अगंबाई! काय हरवलंय काकांचं?"

"काही नाही," खाटेखालून आवाज आला. "मी आठ महिन्यांचा आहे."

शिंपीणबाईंनी काकूंकडे बघितलं. "मग दूध पाजा की त्यांना," म्हणाल्या आणि पदराआड हसत निघून गेल्या. संध्याकाळपर्यंत गल्लीतलं प्रत्येक पोर काकांना वय विचारून गेलं.

पुढचे तीन दिवस घरात ठोकाठोकी चालली. काकांच्या अंगात वारं शिरलं होतं. प्लगांना झाकणं बसली. रुमाल गेला. बादली पालथी झाली. खालची कपाटं खिट्या लावून बंद. औषधं, सुया, कात्री, चष्मे, आगपेट्या सगळं उचलून सर्वांत वरच्या फळीवर गेलं. स्वयंपाकघराच्या दाराला त्यांनी दोन फूट उंचीचं फाटक केलं; गज इतके जवळ की पोराचं डोकं अडकू नये आणि इतके गुळगुळीत की मांजरीनेही अंग घासावं. फक्त ते उघडत नव्हतं. चार स्क्रूंनी चौकटीत पक्कं बसवलेलं.

"उघडायचं कसं हे?" काकूंनी विचारलं.

"उघडायचं नाही. जी वस्तू उघडते ती उघडीच राहते. पाय उचलून पलीकडे जायचं."

"म्हणजे हातात उकळता चहा घेऊन मी उडी मारू?"

"जपून," काका म्हणाले.

शेवटी उरली पेटी. थोरलीची खाट आणि न्हाणी यांच्या मधोमध, भिंतीला लागून, एक मांडीएवढी उंच लाकडी पेटी होती. काकांच्या वडिलांनी, म्हणजे थोरलीच्या नवऱ्याने, स्वतःच्या हाताने केलेली. घरात कोपरे शाबूत असलेली ही एकच चीज. वडिलांच्या कामाला रंधा लावायचा नाही, एवढा मान काकांनी राखला होता. पण झाकण जड. पोराची बोटं सापडली तर? रंधा नाही तर नाही, त्यांनी शेजारच्या दोघांना हाक मारली आणि पेटी दुकानात नेऊन कोपऱ्यात ताडपत्रीखाली ठेवली.

थोरली खाटेवर बसून ऐकत होती. काका म्हणाले, "आई, तुला काही अडचण?"

"मला कसली अडचण? मी या घरात साठ वर्षं चालतेय. घर मला विचारून चालतं."

काकांनी ते खरं मानलं. आईचं बोलणं खरं मानायची त्यांना सवय होती, आणि तिथेच घोळ झाला.

शनिवारी दुपारी काकू बाजाराला गेल्या. काका दुकानात फाटकाच्या उरलेल्या गजांना पॉलिश पेपर मारत होते, मनात उद्याच्या लेकीची वाट बघत होते. कधी नाही ते गाणंही गुणगुणत होते. मागे काहीतरी सरकल्यासारखं वाटलं म्हणून त्यांनी मान वळवली, तर थोरली ताडपत्रीवर, म्हणजे आपल्या पेटीवर, ऐसपैस बसलेली. बाजूच्या फळीवरची सरबताची बाटली तिच्या हातात होती. झाकण उघडलेलं.

"सरबत कधी केलंस रे?" बाटली नाकाशी धरून ती म्हणाली. "वास रंगाचा येतोय."

काका लाकडाच्या ढिगावरून कसे आले ते त्यांचं त्यांना ठाऊक. "आई, ठेव! ठेव ती! थिनर आहे त्यात!"

"मग बाटलीवर लिंबू कशाला?"

वीस वर्षं काका थिनर सरबताच्या रिकाम्या बाटल्यांतच भरत आले होते. बाटली हातात बसते, धार बारीक पडते, झाकण घट्ट लागतं. सगळेच सुतार असं करतात. घरभर फुल्या मारत रांगलेला हा माणूस या फळीपर्यंत रांगत आला नव्हता, कारण ही त्याची स्वतःची फळी होती.

"प्यालीस का? खरं सांग. घोटभर तरी?"

"नाक शाबूत आहे माझं."

काकांनी बाटली काढून घेतली, तिचे ओठ पुसले, हात धुतले, पुन्हा ओठ पुसले. तेव्हा कुठे ते जमिनीवर भुशात बसले.

"पाणी प्यायला इथे कशाला आलीस? घरात पाणी नाही?"

"आहे. तुझ्या फाटकापलीकडे."

"मग मला सांगायचं. सुनेला सांगायचं."

"साठ वर्षांत पाणी मागून प्यायले नाही. काल सकाळपासून एकदा तिने दिलं ते प्यायले. नाही प्यायलं की न्हाणीतही जावं लागत नाही. सोयीचंच आहे म्हण." थोरलीने पदर नीट केला. "चष्मा तू वर ठेवलास. स्टुलावर चढून बघितलं, पण स्टूल लटपटत होतं, म्हणून उतरले."

काका ऐकत होते आणि प्रत्येक वाक्यासरशी भुशात आणखी खोल जात होते. नात घरात यायची होती. त्याआधीच त्यांनी चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईला अडथळ्यांच्या शर्यतीत उभं केलं होतं.

ते उठले. "चल, पाणी देतो."

"हात नको धरूस. मी जाते."

थोरली उठली, दार ओलांडून मधल्या खोलीत गेली. काका मागे. ती खाटेच्या कडेला हात लावून पुढे झाली, दाराच्या चौकटीला टेकली, आणि मग तिचा उजवा हात न बघता, सवयीने, बाजूला गेला. तिथे काही नव्हतं. हात हवेत गेला, त्याच्या मागे खांदा गेला, आणि अख्खी थोरली कलली. काकांनी तिला पाठीमागून धरलं म्हणून बरं.

दोघंही भिंतीला टेकून उभी राहिली.

"पेटी होती इथे," काका हळूच म्हणाले.

"तुझ्यासाठी पेटी. माझा तो तिसरा मुक्काम. खाट पहिला, चौकट दुसरा, पेटी तिसरा, खिडकी चौथा, मग न्हाणीचं दार. डोळ्यांनी कधीचं सोडलं मला. हातांनी चालते मी."

काकांनी भिंतीकडे बघितलं. आणि पहिल्यांदाच त्यांना दिसलं. चौकटीवर, खिडकीच्या कडेला, न्हाणीच्या दाराशी, सगळीकडे एकाच उंचीवर तळहाताएवढे काळपट, तेलकट, चकाकते डाग. साठ वर्षांच्या एका वाटेचा नकाशाच होता तो. काकूंनी हेच डाग उद्या लेक यायच्या आत सोड्याने घासून काढायचं ठरवलं होतं.

आईला पाणी पाजून, तिला खाटेवर बसवून काका दुकानात गेले. ताडपत्री ओढली आणि सवयीने पेटीच्या कोपऱ्यावर अंगठा फिरवला. टोकदार. दुसरा, टोकदार. तिसराही टोकदार. चौथ्यावर, भिंतीकडून पुढे येणाऱ्या उजव्या कोपऱ्यावर, अंगठा घसरला. तो कोपरा नदीतल्या गोट्यासारखा झाला होता. असा गोल की कुठून वळला ते कळू नये. रंधा नाही, कानस नाही, पॉलिश पेपर नाही. काकांनी तीस वर्षं कोपरे गोल केले, पण घरातला सर्वांत गोल कोपरा त्यांनी केलेला नव्हताच.

ते बराच वेळ अंगठा फिरवत राहिले. मग शर्टाच्या बाह्या वर केल्या.

काकू बाजारातून आल्या तेव्हा स्वयंपाकघराचं फाटक उपटून टाकलेलं होतं, पेटी जागेवर आली होती आणि थोरली राणीसारखी मधल्या खोलीत फेऱ्या मारत होती. तिच्यामागे काका खडू घेऊन. जिथे तिचा हात टेकेल तिथे फुली. "इथे?" "जरा खाली. मी काय उंट आहे?" "इथे?" "हां." एक फुली दुसरीला जोडत संध्याकाळपर्यंत भिंतीवर एक लाकडी कठडा बसला, खाटेपासून न्हाणीपर्यंत, थोरलीच्या मुठीत मावेल एवढा जाड. पेटीपाशी मात्र कठडा थांबत होता आणि पेटीनंतर पुन्हा सुरू होत होता. तेवढी जागा काकांनी चौथ्या कोपऱ्याला सोडली. पेटीच्या बाकी तीन कोपऱ्यांवर कापडाच्या जाड टोप्या चढल्या आणि झाकणाला आतून एक आधार बसला, म्हणजे ते धाडकन पडू नये. फाटकाला बिजागऱ्या लागल्या, वर एक उभा दांडा आणि त्यावर खिटी, पोराच्या हाताला न पोचणारी आणि थोरलीला वाकावं न लागणारी. औषधं आणि चष्मा वरच्या फळीवरून उतरून छातीएवढ्या उंचीच्या कुलपाच्या कप्प्यात आले. लटपटतं स्टूल चुलीत गेलं.

"उडी रद्द?" काकूंनी विचारलं.

"रद्द," काका म्हणाले. त्यांनी भिंतीवरच्या डागांकडे बोट दाखवलं. "आणि ते घासायचे नाहीत."

मग ते त्या दारापाशी गेले, घर आणि दुकान यांच्या मधल्या, कधीच बंद न झालेल्या. थोडा वेळ विचार केला आणि करवतीने दार आडवं, मधोमध कापलं. खालच्या अर्ध्याला कडी लावली. वरचं अर्धं उघडंच ठेवलं, चहाच्या वासासाठी.

रविवारी लेक आली. कडेवर नात, गालावर लाळ, तोंडात खालचे दोनच दात. थोरलीने आधी दोघींना जवळ घेतलं, लेकीच्या कानात काहीतरी पुटपुटली, मग भिंतीला टेकून डोळे मिटून बसली. लेकीने नातीला काकूंकडे दिलं, बाह्या सारल्या, आणि गुडघे टेकून रांगायला लागली. काका बघत होते. रक्ताचा गुण.

तिने प्लग बघितले, कपाटं ओढून बघितली, फाटक हलवलं, बादली पालथी आहे की नाही ते बघितलं. खाटेखाली हात घालून काही मिळालं नाही तेव्हा तिला जरा वाईटच वाटल्यासारखं दिसलं. मग ती उठली. "आजी, तुझा चष्मा घेऊन ये बरं," म्हणाली. थोरली डुलत उठली, कठड्याला हात लावत गेली, पेटीवर टेकली, पुढे गेली, कनवटीच्या किल्लीने कप्पा उघडून चष्मा लावून परत आली. लेकीने सगळं डोळ्यांत तेल घालून बघितलं.

"बाबा," ती म्हणाली, "काही राहिलंय का?"

काकू छताकडे बघायला लागल्या. काही राहिलं नव्हतं. फळी रिकामी होती, बाटल्या कालच गेल्या होत्या. 'नाही' म्हटलं की नात सोमवारपासून इथे. एवढासा शब्द, जिभेवर येऊन बसलेला.

"काल," काका म्हणाले, "आईच्या हातात थिनरची बाटली आली. सरबताच्या बाटलीत भरलेलं. माझ्याच हाताने. ती प्यायली असती."

लेकीचा हात भुवईकडे गेला. "आता कुठे आहे ते?"

"पत्र्याच्या डब्यात. वर मोठ्या अक्षरात लिहिलंय. डबा कुलपात, किल्ली माझ्या गळ्यात." त्यांनी दोरी ओढून किल्ली दाखवली. "दार कापलं. खालचं अर्धं आता बंद असतं. पण काल ते नव्हतं, एवढं तुला सांगायला हवं. तू पाळणाघराचं ठरवलंस तर मी काही बोलणार नाही."

लेक हसू दाबत म्हणाली, "तुम्ही सांगितलं नसतंत ना बाबा, तर उद्याच पाळणाघरात नाव घातलं असतं. आजीने मला आल्या आल्या कानात सगळं सांगून टाकलंय."

काकांनी थोरलीकडे बघितलं. थोरलीने चष्म्याआड डोळे घट्ट मिटले.

"आई!"

"मी झोपलेय," थोरली म्हणाली.

"सोमवारी बाळाचे कपडे आणते," लेक म्हणाली. "पण दर रविवारी मी रांगणार. आणि ती चालायला लागली की पुन्हा सगळं पहिल्यापासून बघायचं."

"पहिल्यापासून," काका म्हणाले. हे शब्द त्यांच्या अंगठ्याच्या ओळखीचे होते.

एवढ्यात कुणाचं लक्ष नाही असं बघून नात काकूंच्या मांडीवरून सटकली. रांगत रांगत निघाली ती थेट पेटीपाशी. सगळी जागच्या जागी थिजली. तिने पेटीचा काठ धरला, ढुंगण हलवत हलवत उभी राहिली, चौथ्या कोपऱ्याकडे एकवार निरखून पाहिलं आणि तोंड वासून तो चावला. चांगला मन लावून चावला. मग वळून सगळ्यांकडे बघून हसली.

काका हळूच गेले, तिला उचललं आणि कोपऱ्यावर अंगठा फिरवला. थोरलीने साठ वर्षांत वळवलेल्या त्या गुळगुळीत लाकडात दोन बारीक खाचा पडल्या होत्या. अंगठ्याला बोचत होत्या.

"पॉलिश पेपर आणू?" काकूंनी विचारलं.

"खबरदार," गोलकाका म्हणाले.